जांभळ्या पाठीची ओरिजिनल

डिस्क हातात आली की आधी उलटी करून बघायची, ही सवय मला दुकानाने लावली. २००० नंतरची सात-आठ वर्षं सांगलीत आमची सीडी लायब्ररी होती. रात्री नेलेली सीडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत, उशीर झाला तर जादा भाडं. गिऱ्हाईक परत आलं की ट्यूबलाइटखाली डिस्क तिरकी धरायची. पाठ चांदीसारखी लखलखीत असली तर माल कंपनीचा. जांभळट झाक दिसली तर समजायचं, पठ्ठ्याने ओरिजिनल घरी ठेवून राइट मारलेली कॉपी आमच्या गळ्यात घातली. या एका नजरेवर डिपॉझिट सुटायचं किंवा अडायचं.

गेल्या दिवाळीत भाची अमेरिकेहून आली. येताना मी तिला १९४० च्या दशकातला एक कृष्णधवल गुन्हेपट आणायला सांगितला होता. तिने आणलाही. डबा नवा कोरा, कव्हरची छपाई सुबक, मागे स्टुडिओचं नाव. डिस्क काढली, सवयीने उलटी केली. पाठ जांभळी.

"अगं, फसवलं तुला कुणीतरी. ही राइट मारलेली आहे."

"मामा, ओरिजिनलच आहे ती. स्टुडिओच अशी विकतो, मी वाचूनच घेतलीय." मग जरा थांबून म्हणाली, "पण तुम्हीच सांगा, माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही. मैत्रिणींपैकी एकीकडेही प्लेअर नाही. मग हे लोक जुने सिनेमे अजून डीव्हीडीवर काढतात कशाला?"

उत्तर देता देता भडंगाचा डबा संपला. प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. तेव्हा बोललो ते तुटक होतं, इथे जरा सलग लिहितोय.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. डीव्हीडी जपानात नोव्हेंबर १९९६ मध्ये आली, अमेरिकेत १९९७ मध्ये. २००५ च्या सुमारास अमेरिकेतले लोक वर्षाला १६ अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम डिस्क विकत घेण्यावर उडवत होते. २०२४ मध्ये तोच आकडा एक अब्जाच्याही खाली आला. नेटफ्लिक्स १९९८ पासून टपालाने डिस्क पाठवत होती, तिने २९ सप्टेंबर २०२३ ला शेवटची डिस्क पाठवून ते खातं बंद केलं. बेस्ट बाय या मोठ्या साखळी दुकानाने २०२४ मध्ये सिनेमांच्या डिस्क विकणं थांबवलं. सॅमसंगने तर २०१९ मध्येच ब्ल्यू-रे (डीव्हीडीनंतर आलेली, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) प्लेअरची नवी मॉडेल अमेरिकेत आणायची नाहीत असं ठरवून टाकलं. थोडक्यात, दुकानदार उठला, यंत्रवाला उठला, आणि सिनेमावाला मात्र हातगाडी लावून बसलाय. वेड्यासारखं वाटतं खरं.

पण त्या गाडीवर काय आहे ते नीट बघितलं तर वेड वाटत नाही. नव्यापेक्षा जुना माल जास्त आहे. आणि जुन्या मालाचा हिशेब वेगळा असतो. तो समजून घ्यायला सांगलीच्या माणसाला लांब जायला नको, हरिपूरपर्यंत गेलं तरी पुरे.

कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं असायची. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. आत हळद भरली आणि तोंड लिंपून टाकलं की आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही. वर्षानुवर्षं माल तसाच. पेव उघडलं तरी लगेच आत उतरत नाहीत, कारण आत श्वास घ्यायला प्राणवायू नसतो. बाजारात भाव पडला तर पेव बंद, चढला की उघडायचं. 'पेव फुटणं' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण खरं पेव पाहिलेली माणसं आता आमच्या पिढीतही कमीच.

हॉलिवूडच्या स्टुडिओकडे असलेला जुन्या सिनेमांचा साठा म्हणजे असं पेव. धंद्यात त्याला 'कॅटलॉग' म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या सिनेमाचा खर्च केव्हाच वसूल झालेला किंवा केव्हाच बुडीत खात्यात गेलेला असतो. आता त्यातून जे येईल ते वरकड. या साठ्याला किंमत किती, तर २०२२ मध्ये अॅमेझॉनने एमजीएम हा जुना स्टुडिओ ८.४५ अब्ज डॉलरला घेतला. त्यात सगळ्यात मोठं आकर्षण होतं ते चार हजारांवर सिनेमांच्या साठ्याचं. डिस्नेने तर पेवाचा खेळ उघड उघड खेळला. गाजलेले कार्टूनपट थोडे दिवस विकायला काढायचे, मग 'तिजोरीत' ठेवून द्यायचे. सात-दहा वर्षांत पोरांची नवी पिढी आली की पुन्हा बाहेर. आईबापांना माहीत असायचं, आत्ता घेतला नाही तर पोरगं कॉलेजात गेल्यावर मिळेल.

हळदीत आणि सिनेमात एवढाच फरक की हळद विकली की पेव रिकामं होतं. सिनेमा दहा वेळा विकला तरी पेव भरलेलंच.

मग तो नव्या पद्धतीने विकावा, डीव्हीडीवरच का? याचं अर्धं उत्तर डीव्हीडी बनते कशी यात आहे.

आधी सिनेमा एमपेग-२ या पद्धतीने दाबून डिस्कवर मावेल एवढा करतात. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५. मग मेन्यू, प्रसंगांचे तुकडे, सबटायटल, दिग्दर्शकाची बडबड असलेला वेगळा आवाजाचा पट्टा हे सगळं जोडायचं. याला वेळ लागतो, माणसं लागतात. हे झालं की काचेच्या तबकडीवर लेझरने मूळ प्रत उतरवायची आणि तिच्यावरून निकेलचा साचा काढायचा. इथून पुढे काम मोदकासारखं. साचा महाग, मोदक स्वस्त. वितळलेलं पॉलिकार्बोनेट प्लास्टिक साच्यात दाबलं की काही सेकंदांत एक चकती पडते. तिच्यावर अॅल्युमिनियमचा पातळसा थर, मग दुसरी चकती चिकटवायची, दोन्ही मिळून जाडी १.२ मिलिमीटर. हजारांच्या हिशेबात काढली तर नुसती डिस्क एका डॉलरच्या आत पडते.

आता ध्यानात घ्या, जुन्या सिनेमांसाठी हे साच्यापर्यंतचं काम १९९८ ते २००५ च्या दरम्यान केव्हाच उरकलंय. पुन्हा काढायची म्हणजे डब्याचं चित्र बदलायचं, 'पन्नासावं वर्ष' असा सोनेरी गोल छापायचा, की झालं. आमच्या दुकानात एकाच सिनेमाच्या तीन डीव्हीडी होत्या, तीन कव्हरं, तीन किमती. आत चालवून बघितलं तर मेन्यूसुद्धा तोच, त्यातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच.

आणि साच्याचाही खर्च निघणार नसेल तर? माझ्या भाचीने आणलेल्या गुन्हेपटाला जगात गिऱ्हाईक असून असून किती असणार? तेवढ्यासाठी हजारो प्रती छापून गोदामात ठेवणं परवडत नाही. म्हणून वॉर्नर ब्रदर्सने २००९ मध्ये 'वॉर्नर आर्काइव्ह' सुरू केलं. ऑर्डर आली की एक प्रत राइट करायची, डब्यात घालायची, पाठवायची. छापील डिस्कमध्ये माहिती म्हणजे प्लास्टिकवर दाबलेले बारीक खळगे. राइट केलेल्या डिस्कमध्ये खळगे नसतात, रंगाचा एक थर असतो, आणि लेझर तो जागोजागी करपवतो. जांभळी झाक त्या रंगाची. म्हणजे ज्या पाठीवरून मी सात-आठ वर्षं चोर पकडले, ती पाठ घेऊन खुद्द सावकारच दारात उभा होता.

"ब्ल्यू-रे तरी काढायची ना मग, ती चांगली दिसते," भाचीने मध्येच विचारलं. रास्त आहे. डीव्हीडीचं चित्र जास्तीत जास्त ५७६ ओळींचं, अमेरिकेत ४८०. ब्ल्यू-रेचं १०८० ओळींचं. ब्ल्यू-रेचा लेझर निळा-जांभळा, ४०५ नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा लाल, ६५० चा. लेझर जितका बारीक तितके खळगे बारीक, तितकी जागा जास्त. म्हणून ब्ल्यू-रेच्या एका थरात २५ जीबी बसतात. पण छापील ब्ल्यू-रेवर कुलूप घालणं सक्तीचं आहे. एएसीएस नावाची ती कुलपाची व्यवस्था, तिची फी वेगळी. डीव्हीडीचं कुलूप ऐच्छिक आहे. थोड्या प्रती काढणाऱ्याला ही फी टोचते.

शिवाय काही माल असा असतो की तो मोठ्या भांड्यात ओतून फायदा नाही. १९८० आणि ९० च्या दशकांतल्या कितीतरी टीव्ही मालिका थेट व्हिडिओ टेपवर चित्रित झाल्या. त्यांच्यात मुळात तेवढ्याच ओळी आहेत. त्या ब्ल्यू-रेवर घातल्या तर धारोष्ण दुधाच्या चरवीत ताक ओतल्यासारखं होईल. त्यांची हक्काची जागा डीव्हीडीच.

आणि घेतं कोण? इथे आपली फसगत होते. आपल्याला वाटतं, आपण टाकली म्हणजे जगाने टाकली. ब्ल्यू-रे २००६ मध्ये बाजारात आली, तरी त्यानंतर दीड दशक अमेरिकेत नगांच्या हिशेबात डीव्हीडीच जास्त खपत राहिली. कारण सरळ आहे. ती कशातही चालते. ब्ल्यू-रे प्लेअरमध्ये चालते, त्याहून बारीक चित्र दाखवणाऱ्या 4के प्लेअरमध्ये चालते, डिस्कची फट असलेल्या गेमच्या खोक्यात चालते, जुन्या गाडीच्या मागच्या सीटसमोरच्या पडद्यावर चालते. तिकडे खेड्यांत धड इंटरनेट नसलेली घरं आहेत. पासवर्डाच्या भानगडीत न पडणारे आजी-आजोबा आहेत. सार्वजनिक वाचनालयं आहेत, जी पुस्तकासारखे सिनेमेही घरी देतात. हे गिऱ्हाईक गाजावाजा करत नाही, पाच-दहा डॉलरच्या ढिगातून उचलतं आणि घरी जातं. आमच्याकडे नाही का, शनिवारच्या बाजारात स्टीलच्या ताटांशेजारी जर्मनची पातेली अजून मांडलेली असतात. ती कोण घेतं असं शहरातला माणूस विचारतो. विकली जातात म्हणून मांडतात.

हिशेबाच्या वहीतला एक बारीक मुद्दा राहिला. व्हिडिओ कॅसेटच्या काळात हॉलिवूडमध्ये असा रिवाज पडला की सिनेमाच्या नफ्यात ज्यांचा वाटा आहे, त्यांच्यासाठी हिशेब करताना कॅसेटच्या उत्पन्नातले २० टक्केच धरायचे. बाकीचे स्टुडिओच्या व्हिडिओ खात्यात. डीव्हीडी आली, धंदा कितीतरी वाढला, रिवाज तोच राहिला. जुन्या करारांतून निघणारी डिस्क स्टुडिओला प्यारी असते यामागे हेही आहे. माझ्या मते भागीदारांवर हा अन्यायच होता, पण सही केलेल्या कागदापुढे कोणाचं चालतं?

विक्री घटली तशा चुलीही एक झाल्या. युनिव्हर्सल आणि वॉर्नर यांनी अमेरिका-कॅनडातल्या डिस्कच्या धंद्यासाठी २०२१ पासून एकच संयुक्त कंपनी चालवायला घेतली. डिस्नेने २०२४ मध्ये तिथल्या आपल्या डिस्कचं काम सोनीकडे सोपवलं. गोदाम एक, ट्रक एक, वसुली करणारा माणूस एक. धंदा लहान झाला तरी तोट्यात जाऊ नये एवढी ही तजवीज.

आता दुसरं टोक. ढिगातल्या पाच डॉलरच्या डीव्हीडीशेजारीच तीस-चाळीस डॉलरचे जाडजूड डबे विकले जातात. आत पुस्तिका, पोस्टर, 4के डिस्क. सिनेमा तोच, पन्नास वर्षांपूर्वीचा.

यामागचं विज्ञान मला फार आवडतं. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्र रसायनाच्या कणांनी उमटतं. त्या निगेटिव्हमध्ये जेवढा तपशील भरलेला असतो तेवढा दाखवायला व्हिडिओ कॅसेटही कमी पडली आणि डीव्हीडीही. म्हणजे १९६० चा सिनेमा त्याच्या काळाच्या टीव्हीपेक्षा कितीतरी श्रीमंत होता, दाखवणारी यंत्रंच दरिद्री होती. आता निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करायचं, धूळ-ओरखडे एकेका चौकटीतून काढायचे, रंग जुळवायचे. खर्चिक काम. पण ते नुसत्या डिस्कसाठी कुणी करत नाही. साखर कारखाना साखरेसाठी चालतो, मळी आपोआप निघते, आणि मळीचेही पैसे होतात. तसं स्टुडिओ हे काम स्ट्रीमिंगसाठी, टीव्हीच्या विक्रीसाठी, थिएटरात पुन्हा लावण्यासाठी करतो. डिस्क ही मळी. आणि त्याच नव्या स्कॅनवरून साधी डीव्हीडीही पुन्हा काढता येते, म्हणून 'नव्याने स्वच्छ केलेली प्रत' असं लिहिलेल्या डीव्हीडी दिसतात.

बऱ्याचदा स्टुडिओ स्वतः हात काळे करत नाही. क्रायटेरियनसारख्या कंपनीला काही वर्षांसाठी हक्क भाड्याने देतो. ही कंपनी १९८४ मध्ये लेझरडिस्कपासून सुरू झाली. लेझरडिस्क म्हणजे ताटाएवढी मोठी तबकडी, आपल्याकडे फारशी आलीच नाही. आता अशा बऱ्याच कंपन्या आहेत. ट्वायलाइट टाइम नावाच्या कंपनीने तर अनेक सिनेमांच्या तीनच हजार प्रती काढायच्या असा शिरस्ता ठेवला होता. स्टुडिओला ठरलेली रक्कम मिळते, जोखीम भाडेकरूची. करार संपला की हक्क परत, मग दुसरी कंपनी, पुन्हा नवा डबा. एकच सिनेमा दर सहा-सात वर्षांनी नव्या रूपात येतो तो यामुळेही. आपल्याकडे शेत खंडाने देतात त्यातलाच प्रकार.

आणि या मळीतून कधी कधी अमृत निघतं. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधल्या एका लॅबच्या आगीत होरपळली. जळके, वितळलेले, कडा गेलेले तुकडे कुणीतरी फेकून न देता जपून ठेवले. क्रायटेरियन, अमेरिकेतलं अॅकॅडमी फिल्म अर्काइव्ह आणि इटलीतल्या बोलोन्याची प्रयोगशाळा यांनी मिळून त्या तुकड्यांतून आणि जगभरच्या इतर प्रतींतून २०१५ मध्ये हे तिन्ही सिनेमे पुन्हा उभे केले. डिस्क विकणारी कंपनी त्यात नसती तर हे झालं असतं की नाही, मला शंका आहे.

चाळीस डॉलर देणारा माणूस नुसता हौशी नसतो, त्याचं डोकंही चालत असतं. स्ट्रीमिंगवर 4के चित्रासाठी सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट माहिती येते. 4के डिस्क १२८ पर्यंत देऊ शकते. उसाचा रस बर्फ घालून आणि बिनबर्फाचा, असा फरक समजा. उजेडातल्या प्रसंगात कळणार नाही. अंधारातला, धुक्यातला, समुद्राच्या लाटांचा प्रसंग लावा, म्हणजे स्ट्रीमिंगवर काळोखात पायऱ्या पायऱ्या दिसायला लागतात.

दुसरं म्हणजे मालकी. ऑनलाइन 'विकत घेतलेला' सिनेमा आपला नसतो, बघायची परवानगी असते. डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशनच्या गिऱ्हाइकांना कळवण्यात आलं की तुम्ही पैसे मोजून घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम आता काढून टाकले जातील. ओरड झाली, नवा करार झाला, निर्णय मागे घेतला गेला, पण लोक हादरले ते हादरलेच. कॅलिफोर्नियात २०२५ च्या सुरुवातीपासून कायदाच लागू झाला की असं विकताना ही फक्त परवानगी आहे, हे स्पष्ट सांगा. डिस्कचं तसं नाही. ती अमेरिकेत कायद्याने पुढे विकता येते, कुणाला देता येते, वाचनालयाला ठेवता येते. स्टुडिओला हे फारसं आवडत नसणार. पण पैसे येतायत तोवर आवडी-निवडी कोण बघतो.

डिस्क अमर मात्र नाही. २०२५ मध्ये वॉर्नरनेच मान्य केलं की २००६ ते २००८ च्या काळात बनलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी आतून खराब होतायत. याचा घरगुती धडा मला आधीच मिळाला होता.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. गावभागातल्या आमच्या घरात पाणी येणार हे कळल्यावर धान्य, कागदपत्रं, टीव्ही, देव असं करत करत सगळं वर चढवलं. बंद पडलेल्या लायब्ररीची ट्रंक जिन्याखाली राहिली. कृष्णामाई घरात बरेच दिवस मुक्कामाला होती. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत नुसता गाळ, त्यात तबकड्या भाकरीसारख्या एकावर एक थापलेल्या. बायको म्हणाली, "टाका की ते." मी घमेल्यात साबणाचं कोमट पाणी केलं आणि एकेक धुवायला बसलो. पुसताना गोल फिरवायचं नाही, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं. माहितीची रेघ गोल फिरत जाते, त्यामुळे आडवा ओरखडा यंत्र सावरून घेतं, रेघेच्या बरोबरीने गेलेला ओरखडा पुसून टाकतो. हेही दुकानाने शिकवलेलं.

धुता धुता एक गोष्ट लक्षात आली. डीव्हीड्या बहुतेक सगळ्या वाचल्या. व्हीसीड्या, म्हणजे सिनेमा भरलेल्या साध्या सीड्या, पटापट मेल्या. व्हीसीडीचा चंदेरी थर अगदी वर, चित्र छापलेल्या बाजूखाली असतो, त्याच्यावर फक्त लाखेसारखा पातळ लेप. तो फुगला आणि बोट लावलं तसा मिठाईच्या वर्खासारखा सुटून आला. उजेडाकडे धरली तर डिस्कमधून आरपार आमची गच्ची दिसत होती. डीव्हीडीचा थर दोन चकत्यांच्या मधोमध, सॅंडविचमधल्या चटणीसारखा. पाण्याचा हात तिथवर पोहोचला नाही.

ट्रंकेत मराठी सिनेमे जवळजवळ सगळे व्हीसीडीवर होते.

इथे भाचीच्या प्रश्नाला फाटा फुटतो, कारण तिने तिकडचं विचारलं आणि मला इकडचं आठवलं. आपल्याकडे २००७ मध्ये एका मोठ्या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली होती. वडापावच्या दुकानातसुद्धा सिनेमे टांगलेले असायचे. तेव्हा शेकडो मराठी सिनेमे बाजारात आले, पण बहुतेक व्हीसीडीवर. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, एका डिस्कवर ७४ मिनिटं. म्हणून सिनेमा दोन तबकड्यांत, आणि मध्यंतर दिग्दर्शकाने ठरवलं तिथे नाही, डिस्क संपली तिथे. २०१६ नंतर मोबाइलवर डेटा फुकटासारखा झाला आणि हा सगळा बाजार उठला. आज ऑनलाइन दिसणाऱ्या अनेक जुन्या मराठी सिनेमांचं चित्र तसं फुटकं आणि धुरकट का, तर ते त्या व्हीसीडीवरून चढवलेले असतात.

मग मराठी सिनेमा नव्या डिस्कवर पुन्हा का निघत नाही? गिऱ्हाईक कमी हे एक. पण मोठं कारण पेवाचं आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झालं, तोवर कितीतरी फिल्म भंगारात गेल्या होत्या. फिल्ममधली चांदी काढायला लोक रिळं विकत घ्यायचे. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा, त्याची आज एकही प्रत नाही. जुन्या नायट्रेट फिल्म स्फोटकासारख्या पेटतात, २००३ मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत अशा जुन्या फिल्मचा मोठा साठा गेला. निर्माता वारला, वारसांना हक्काचे कागद सापडत नाहीत, निगेटिव्ह ठेवलेली लॅब बंद झाली, हे तर नेहमीचंच. अलीकडे सरकारी मोहिमेतून आणि फिल्म हेरिटेज फाउंडेशनसारख्या संस्थेकडून जुने सिनेमे वाचवायचं चांगलं काम सुरू आहे, पण रांग मोठी आहे. हॉलिवूडचा स्टुडिओ पेव उघडतो तेव्हा आत हळद आहे हे त्याला माहीत असतं. आपल्याकडे झाकण काढल्यावर आत काय निघेल ते कुणी सांगावं. २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं होतं, तेव्हा हळदवाल्यांची झाली ती गत.

भाची परत जाताना म्हणाली, "मामा, ती ट्रंक मी साफ करून देते." दोघांनी मिळून एकेक तबकडी चालवून बघितली. चाललेल्या मराठी व्हीसीड्यांत माझ्या वडिलांचा आवडता एक तमाशापट निघाला. त्यातल्या सवाल-जवाबाला ते पलंगावर बसून ताल धरायचे. ऑनलाइन शोधला, मिळाला नाही. आमच्याकडे आहे तो भाग २. सुरू होतो तेव्हा फड उठलेला असतो आणि नायिका रडत असते, का ते भाग १ मध्ये आहे. सांगली-मिरज, तासगाव, इस्लामपूरकडे कुणाच्या माळ्यावर अशा जुन्या तबकड्या पडल्या असतील तर एकदा बघा. सिनेमाचं नाव तुम्ही विचारल्यावर सांगेन. भाग १ निघाला तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन, डबा नसला तरी चालेल.